गिअरबॉक्स उतरल्यानंतर

गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशावर रेल्वेची रेघ शोधायची तर नजर थेट उत्तरेला, वडसा म्हणजेच देसाईगंजपर्यंत न्यावी लागते. गोंदिया-चंद्रपूर-बल्लारशाह हा लोहमार्ग तेथे जिल्ह्याला जेमतेम स्पर्श करून पुढे चंद्रपूरकडे निघून जातो, आणि वडशाहून गडचिरोलीपर्यंत येऊ घातलेल्या फाट्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात त्यामुळे धान, तेंदूपाने, बांबू, सागवान, सिमेंट, खत, रेशनचे धान्य आणि अलीकडे लोहखनिज, असे जवळजवळ सर्व काही ट्रकच्याच चाकांवर फिरते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात रेल्वे आहे, औष्णिक वीजकेंद्र आहे, गडचांदूर-आवारपूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत. तरीही खाणीच्या तोंडापासून सायडिंगपर्यंत, म्हणजे मालगाडी भरण्याच्या धक्क्यापर्यंत, कोळसा नेणारा टिप्पर तेथेही चुकत नाही.

इतक्या मोठ्या वाहतुकीचा दुरुस्तीचा पाया मात्र विषम आहे. चंद्रपूरकडच्या पडोली, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात मिस्त्री, सुट्या भागांची दुकाने आणि कंपन्यांची अधिकृत सेवाकेंद्रे हाताशी आहेत. पण गडचिरोलीत आलापल्ली ओलांडून सिरोंचा, एटापल्ली किंवा भामरागडच्या दिशेला लागले की अंतर वाढत जाते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ताच बंद होतो. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, जिचा बँकेचा हप्ता चालू आहे आणि जिचा चालकही तोच आहे, अशा मालकाला घसरत्या क्लचची गाडी दुसऱ्या ट्रकला बांधून शंभर-दीडशे किलोमीटर ओढत नेणे परवडत नाही. मग घरासमोरच्या मोकळ्या जागेत चाकांना दगड लावले जातात, चेन कुप्पी, म्हणजे वजन उचलण्याची साखळीची कप्पी, आणि जॅक मागून आणले जातात, ओळखीचा एखादा मिस्त्री मोटारसायकलवरून बोलावला जातो आणि गिअरबॉक्स खाली येतो. क्लच बदलण्याचे हे काम बहुधा नीट पार पडते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण जी गाडी क्लचच्या तक्रारीने उभी राहिली होती ती आता इंजिनाच्या तक्रारीने उभी राहते: सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडते आणि बंद पडते, किंवा चालते पण थरथरते आणि काळा धूर ओकते.

या तक्रारीमागे एक दिशाभूल दडलेली असते. कामाच्या आधी इंजिन ठीक होते, काम क्लचचे झाले आणि बिघडले इंजिन, एवढ्यावरून घरचा मिस्त्री इंजिनाकडे वळतो, इंजेक्टर उतरवतो, पंपाला हात घालतो. म्हणजे एका बिघाडावर दुसरा चढवतो. वस्तुतः क्लच बदलताना इंजिनाच्या आत कोणीही गेलेले नसते. जे उघडले गेले ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला सांधा, आणि त्या सांध्यावरून जाणाऱ्या तारा, नळ्या व कंस. म्हणून या बिघाडाचा शोध इंजिनाच्या शास्त्रापेक्षा हात कोठे कोठे लागला याच्या हिशेबावर अधिक अवलंबून असतो. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि त्याचा विचार पुढे येईल.

क्लचचे काम थोडक्यात असे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड बिडाचे चाक पक्के केलेले असते. त्यावर घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट बसते, आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी स्प्रिंगयुक्त प्रेशर प्लेट तिच्या पाठीशी बोल्टांनी आवळलेली असते. क्लच प्लेटच्या मध्यभागी असलेल्या खाचांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो, त्यामुळे प्लेट दाबलेली असेपर्यंत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला मिळते; चालकाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग सरकून स्प्रिंगचा दाब प्लेटवरून काढते आणि प्लेट मोकळी होते. ट्रकच्या प्लेटचा व्यास गाडीच्या वजनानुसार ३३०, ३५२, ३८०, ३९५ मिलिमीटर असा वाढत जातो, आणि पेडलपासून बेअरिंगपर्यंतचा जोर ब्रेक ऑइलच्या नळीतून जातो, ज्याला मोठ्या गाड्यांत हवेच्या दाबावर चालणाऱ्या बूस्टरची जोड असते.

हे अस्तर या दोन जिल्ह्यांत लवकर झिजण्याची कारणे रस्त्यावरच दिसतात. खुल्या खाणीतून भरलेली गाडी चढावरून वर येते, वजनकाट्यासमोरच्या रांगेत इंचाइंचाने सरकते, रेल्वे फाटकाशी पुन्हा थांबते. आणि प्रत्येक वेळी गाडी उचलताना चालक ज्याला हाफ क्लच म्हणतो तो, म्हणजे पेडल अर्धे दाबून प्लेट घासत ठेवण्याचा प्रकार, करावाच लागतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हा तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर आणि मोठ्या ट्रेलरची ४९ वरून ५५ टनांवर गेली. कागदावरची मर्यादा अशी एका अधिसूचनेने वाढू शकते, अस्तराची सहनशक्ती मात्र तशी वाढत नाही. त्यात भर म्हणून चंद्रपूरचा उन्हाळा आहे, ज्यात पारा ४७ अंशांच्या पलीकडे जाणे नवलाचे राहिलेले नाही.

खनिजाची वाहतूक ही या कहाणीची अलीकडची बाजू आहे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी त्या पहाडावर सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खनन नियमित झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंतच्या उत्खननास पर्यावरणीय परवानगी मिळाली. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या मार्गाने खनिजाचे ट्रक धावू लागल्यावर रस्त्याची जी दशा झाली तिच्याविषयी आंदोलनेही झाली. खड्ड्यांच्या त्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सतत चढउतार करणाऱ्या गाडीचा क्लच किती टिकणार, हे वेगळे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये खाणीकडच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली आणि खनिजाचा मोठा भाग पाण्यात मिसळून नळातून जाऊ लागला, ही त्या रस्त्याला मिळालेली पहिली खरी उसंत.

आता बिघाडाकडे. सर्वांत सामान्य तक्रार ही की सेल्फ इंजिन जोमाने फिरवतो, पण इंजिन पकडत नाही. येथे पहिला प्रश्न गाडी कोणत्या पिढीची आहे हा. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत इंजिनाला डिझेल, हवा आणि पुरेसा वेग एवढेच लागते. त्यामुळे क्लचच्या कामानंतर ती सुरू झाली नाही तर डिझेलच्या नळीत हवा शिरली असावी, अशी शंका प्रथम घ्यावी, आणि फिल्टरवरील हातपंप दाबत एअर काढण्याचा बोल्ट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ मानकांच्या बहुतेक गाड्यांत मात्र इंजेक्टर केव्हा उघडायचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो, ज्याला मिस्त्री ईसीएम म्हणतात. क्रँकशाफ्ट कोणत्या क्षणी कोणत्या कोनात आहे हे क्रँक सेन्सर सांगत नाही तोवर हा नियंत्रक डिझेल सोडतच नाही. अनेक इंजिनांत हा बोटभर सेन्सर फ्लायव्हीलच्या घरावर, म्हणजे नेमका उघडल्या गेलेल्या सांध्यावर, बसवलेला असतो आणि फ्लायव्हीलच्या कडेवरील खाचा किंवा छिद्रे त्याच्यासमोरून गेली की तो संकेत देतो.

गिअरबॉक्स मागे ओढताना या सेन्सरची तार ताणली जाते, त्याचा कनेक्टर काढून परत लावायचा राहतो, गिअरबॉक्स चढवताना तार दोन धातूंच्या मध्ये चिरडते, किंवा सेन्सर काढून ठेवलेला असेल तर त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो. परीक्षा सोपी आहे आणि तिला यंत्र लागत नाही: सेल्फ मारताना डॅशबोर्डवरील आरपीएमचा काटा पाहावा. तो थोडासा वर उठत असेल तर फिरण्याचा संकेत नियंत्रकाला मिळत असण्याची शक्यता मोठी आहे. तो शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर पहिला संशय या सेन्सरवर, त्याच्या तारेवर किंवा त्याच्या अंतरावर. मल्टिमीटर हाताशी असल्यास वेटोळ्याच्या जातीच्या सेन्सरचा रोध मोजता येतो. बॉशच्या प्रचलित नमुन्यात तो साधारण ८६० ओहम भरतो, आणि शून्य किंवा अनंत आकडा आला तर सेन्सर गेला असे समजावे. आणखी एक शक्यता घरच्या कामात वारंवार दुर्लक्षित राहते. जुने फ्लायव्हील तडकले म्हणून भंगाराच्या दुकानातून दुसरे आणले जाते, त्याचे बोल्ट बरोबर बसतात, पण ते दुसऱ्या मॉडेलचे असल्याने त्याच्या कडेवरील छिद्रांची संख्या किंवा जागा वेगळी असते. मग सेन्सर शाबूत, तारा शाबूत, आणि तरीही नियंत्रकाला मिळणारी माहिती खोटी असते.

सेल्फच लागला नाही, किंवा जेमतेम कण्हत फिरला, तर शोध अर्थिंगकडे वळवावा. बॅटरीची ऋण बाजू चासीला जोडलेली असते, परंतु इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी फाउंडेशनवर बसलेले असल्याने त्यांचा चासीशी विद्युत संबंध स्वतंत्र जाड पट्टीने जोडावा लागतो, आणि ही पट्टी बहुधा गिअरबॉक्सच्या किंवा बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरील घंटेच्या आकाराच्या कवचाच्या, एखाद्या बोल्टाखाली असते. गिअरबॉक्स उतरवताना ती सुटते. चढवताना ती विसरली जाते, किंवा गंज व रंग न खरवडता आवळली जाते. सेल्फला लागणारा शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह मग दुसरी वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल किंवा एखादी बारीक तार तापवून जातो. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत जाड केबल तात्पुरती धरून सेल्फ मारला आणि तो जोमाने फिरला, की निदान झाले. मल्टिमीटरची एक तार ऋण टोकावर व दुसरी ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. अर्धवट अर्थिंग याहून फसवे असते: गाडी सुरू होते, पण डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकतात, सेन्सरांचे आकडे उगाच हलतात आणि इंजिन मधूनच अडखळते, अशा वेळी नियंत्रकच गेला असे सांगणारे लोक भेटतात, आणि तो भाग महाग असल्याने त्यांच्या सल्ल्याची किंमतही तेवढीच असते.

क्लच पेडलखालच्या लहान स्विचचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण काही गाड्यांत पेडल पूर्ण दाबल्याचा संकेत मिळाल्याशिवाय सेल्फ लागत नाही. नवा क्लच बसल्यावर पेडलची उंची बदलते, मास्टर सिलिंडरची दांडी नव्याने जुळवली जाते आणि स्विच आपल्या जागेवर दाबला जाईनासा होतो.

इंजिन सुरू होते पण ताकद देत नाही आणि भार पडताच काळा धूर सोडते, ही तक्रार नळ्यांची आहे. ज्या गाड्यांत मागचा आधार गिअरबॉक्सलाही असतो, त्यांत गिअरबॉक्स निघताच इंजिनाचे शेपूट खाली झुकते आणि खाली टेकू नीट दिला नसेल तर हवा दाबून इंजिनाकडे ढकलणाऱ्या टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतची, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतची, रबरी नळी क्लॅम्पमधून निसटते. दाबलेली हवा बाहेर गेली की डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आणि धूर काळा होतो. ही गळती त्रासदायक असली तरी घातक नाही. घातक आहे ती हवेचा फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली गळती, कारण तेथे हवा बाहेर जात नाही, आत ओढली जाते, आणि धुराचे वा आवाजाचे ठळक लक्षण दिसत नाही. घुग्घुसच्या कोळशाच्या आणि सूरजागडच्या तांबड्या धुळीत फिल्टर चुकवून आत जाणारी ही हवा सिलिंडरच्या भिंती, पिस्टनच्या रिंगा आणि टर्बोची पाती घासत राहते, आणि ऑइल खाऊ लागलेल्या त्या इंजिनाचे दुखणे महिन्यांपूर्वी सैल राहिलेल्या एका क्लॅम्पचे आहे हे नंतर कोणाच्याही ध्यानात येत नाही. क्लचच्या कामानंतर त्या नळीच्या आतल्या भिंतीवरून स्वच्छ फडके फिरवून पाहणे हा या भागातील कोणत्याही मिस्त्रीचा शिरस्ता असायला हवा.

थरथरीचे निदान पेडलवरून करता येते. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पेडल दाबले वा सोडले तरी थरथर सारखीच असेल, तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट वाकडी बसली आहे; बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे न आवळता एका बाजूने आवळले की असे होते. केवळ धावताना आणि विशिष्ट वेगाला थरथर येत असेल तर इंजिनाचा काही संबंध नाही. प्रॉपेलर शाफ्ट, ज्याला बोलण्यात जॉईंट म्हणतात, उतरवताना त्याच्या दोन तुकड्यांवर खूण केली नव्हती आणि बहुधा तो एक खाच फिरून बसला आहे. क्लच प्लेट उलटी बसवली गेली, तर तिच्या मध्यावरील स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतात, गिअर पडत नाही, आणि जबरदस्तीने टाकला तर इंजिन बंद पडते. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते, पण ग्रीस लागलेल्या हातांनी आणि टॉर्चच्या उजेडात ते अक्षर वाचले जात नाही. चढवताना गिअरबॉक्सचे शंभर ते तीनशे किलोंचे वजन काही क्षण जरी प्लेटच्या मध्यावर लटकले तरी प्लेट वाकते, म्हणून जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा घालून सेंटरिंग करणे आणि गिअरबॉक्स चेन कुप्पीवर तोललेला ठेवणे, या दोन गोष्टींत घाई करू नये.

राहिला तो सुरुवातीला उल्लेखलेला अपवाद, ज्यात दोष खरोखरच इंजिनाच्या आत असतो. नवा क्लच बसल्यावर पेडल दाबताच इंजिनाचा वेग खाली येतो, आत घासल्यासारखा आवाज होतो, क्वचित इंजिन बंदही पडते, आणि हे न्यूट्रलमध्येसुद्धा होते. पेडल दाबण्याचा जोर शेवटी क्रँकशाफ्टला पुढच्या दिशेला ढकलतो, आणि तो ढकल झेलण्यासाठी इंजिनात थ्रस्ट वॉशर नावाच्या अर्धचंद्राकृती चकत्या असतात. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीने या चकत्या झिजलेल्या असतात. जुन्या, दमलेल्या प्रेशर प्लेटच्या सौम्य जोराखाली ती झीज लपून राहते आणि नव्या प्लेटच्या पूर्ण जोराखाली उघडी पडते. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकशाफ्ट टामीने पुढे-मागे रेटून डायल गेजने त्याची चाल मोजली, तर बहुतेक इंजिनांत ती मिलिमीटरच्या एक ते तीन-चार दशांशांत असायला हवी, आणि त्याहून बरीच अधिक निघाली तर नवा क्लच बसवण्याआधी इंजिन उघडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. घरच्या कामात ही मोजणी जवळजवळ कधीच होत नाही. क्लच बसून गाडी बिघडली की दोष मिस्त्रीच्या माथी येतो, जरी तो बिघाड त्याच्या हातून झालेला नसला.

स्टेज-६ च्या गाड्यांनी या सर्वांत एक नवी गुंतागुंत आणली आहे. या गाड्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी डीईएफ हे युरियाचे द्रावण फवारले जाते, ज्याच्या टाकीला चालक सरळ युरियाची टाकी म्हणतात; त्या यंत्रणेच्या तारा व सेन्सर धुराच्या नळीवर, म्हणजे काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या अगदी लगत असतात, आणि त्यांतील एखादा कनेक्टर सुटला तर नियंत्रक इशारा देऊन काही काळाने इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. चढावर गाडी उठेनाशी झाली की मालकाला वाटते, नवा क्लचही स्लिप होतो आहे, आणि तो गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला निघतो. दोन्हींतला फरक काट्यावर वाचता येतो: क्लच स्लिप होत असेल तर आरपीएम चढतो आणि गाडीचा वेग चढत नाही, ताकद कापली गेली असेल तर आरपीएमच चढत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कनेक्टर जोडल्यावरही दिवा लगेच विझेलच असे नाही, कारण नोंदवलेला दोष पुसण्यासाठी स्कॅनर लागतो. स्वस्तातले स्कॅनर सर्व कंपन्यांच्या गाड्यांची सर्व भाषा वाचत नाहीत, आणि कंपनीचे स्कॅनर तिच्याच सेवाकेंद्रात असतात. बॅटरीची तार काढून ठेवली की सगळे दोष पुसले जातात, हा जुन्या गाड्यांवरचा अनुभव या गाड्यांना लागू पडत नाही. सिरोंच्याच्या अंगणात अचूक बसवलेल्या क्लचची गाडी केवळ एक दिवा विझवण्यासाठी दीडशे-दोनशे किलोमीटर रिकामी न्यावी लागते, ती या कारणाने. आणि दुरुस्तीची माहिती व साधने स्वतंत्र मिस्त्र्यांनाही मिळावीत या मागणीचा अर्थ चंद्रपूर-गडचिरोलीत हा इतका साधा आहे.

गाडी सुरू झाली, दिवा विझला, तरी पहिल्या काही फेऱ्या कमी भाराच्या ठेवाव्यात असा जाणत्या मिस्त्र्यांचा आग्रह असतो, कारण नव्या अस्तराचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी पूर्ण जुळायला वेळ लागतो आणि तोवर पूर्ण भाराने चढ घेतला तर ते जागोजागी जळून कठीण होते. त्या फेऱ्यांनंतर गाडीखाली जाऊन बेल हाउसिंगचे बोल्ट, अर्थिंगची पट्टी आणि हवेच्या नळीचे क्लॅम्प पुन्हा एकदा पान्याने आजमावले जातात, आणि बेल हाउसिंगच्या खालच्या छिद्राला बोट लावून ते कोरडे आहे की ऑइलने ओले, हे पाहिले जाते. ओले असेल तर बहुधा क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळते आहे, आणि नवी प्लेट फार दिवस टिकणार नाही.